ओलीस ठेवणाऱ्याचा हिशेब कसा मांडावा

साताऱ्यात मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना युद्धाचे नियम शिकवते. वर्गात फौजी घरातली मुलं पुष्कळ. काही फौजींच्या गावातली, अपशिंग्याची, काहींचे वडील अजून सीमेवर. युद्धात कुणाला ओलीस धरल्याची बातमी आली की ही मुलं मला मोबाइल दाखवत विचारतात, "मॅडम, यात चूक कुणाची?" त्यांना मी थेट उत्तर देत नाही. वही काढायला सांगते आणि प्रकरण तपासायची एक रीत देते. तीच रीत इथे लिहिते आहे. वकील नसलेल्या माणसालाही ती वापरता येईल. फक्त जो प्रश्न समोरच्याला विचारला तोच आपल्या माणसांना विचारायची तयारी हवी.

लढ्याचं कारण वेगळ्या पानावर

एका पानावर लिहा, लढा कशासाठी चालला आहे. जमीन, स्वातंत्र्य, सूड, संरक्षण, जे असेल ते. मग पान उलटा आणि प्रकरण संपेपर्यंत त्या पानाकडे परत जाऊ नका. कारण न्याय्य असेलही. त्याची चर्चा अवश्य करावी, पण ओलीस धरलेल्या माणसाच्या बाबतीत त्या कारणाला काही किंमत नाही. युद्धात नागरिकांच्या संरक्षणासाठी १२ ऑगस्ट १९४९ ला झालेल्या चौथ्या जीनिव्हा कराराचं कलम ३४ एका वाक्याचं आहे: ओलीस धरण्यास मनाई आहे. त्याला अपवाद नाही, 'लष्करी गरज असल्यास' अशी पुस्ती नाही, 'शत्रूनं आधी केलं असेल तर' अशी सवलतही नाही. चारही करारांत समान असलेलं कलम ३ हीच मनाई देशांतर्गत युद्धांना लावतं, म्हणजे ती बंडखोर संघटनांनाही लागू होते.

कलम इतकं कोरडं आणि आखूड का, ते कळायला १९४१ च्या सर्बियात जावं लागतं. जर्मन फौजेनं तिथं हुकूम काढला होता: एक जर्मन सैनिक मारला गेला तर शंभर माणसं मारायची, जखमी झाला तर पन्नास. त्या ऑक्टोबरमध्ये क्रागुयेवात्स गावात दोन हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यात शाळेच्या वर्गांतून उचलून नेलेली मुलं होती. पुढे न्यूरेंबर्गला फील्डमार्शल व्हिल्हेल्म लिस्ट आणि इतर सेनापतींवर खटला चालला. तो 'ओलीस खटला' म्हणूनच ओळखला जातो. १९ फेब्रुवारी १९४८ ला निकाल लागला. लिस्टला जन्मठेप झाली. पण त्याच निकालात न्यायाधीशांनी हेही लिहिलं, की अगदी शेवटचा उपाय म्हणून आणि कडक अटी पाळून ओलिसांना ठार करणं तेव्हाच्या कायद्यात बसू शकतं. मी हे वाचून दाखवते तेव्हा वर्ग गप्प होतो. पुढच्याच वर्षी जीनिव्हात जमलेल्या देशांनी ही फट पूर्ण बुजवली. लिस्ट मात्र पाच वर्षांच्या आत, १९५२ मध्ये, तब्येतीच्या कारणावरून सुटला.

पूर्वी असलं नव्हतं, असं कुणी म्हणालं तर आम्हाला साताऱ्यात लांब जावं लागत नाही. शाहू महाराज १७०७ मध्ये मुघलांच्या कैदेतून सुटले, पण मातोश्री येसूबाईंना हमी म्हणून मागे ठेवून घेतलं. त्या १७१९ मध्ये परत आल्या. टिपू सुलतानाचे दोन लहान मुलगे १७९२ च्या तहापायी इंग्रज गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या ताब्यात गेले. तेव्हाच्या राजकारणात हे उघड, तहात लिहून होत असे. त्या आईचे आणि त्या मुलांचे दिवस त्यामुळे सोपे गेले असतील असं मला वाटत नाही.

अट कुठे आहे ते शोधा

या गुन्ह्याचं मर्म इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा. माणसाला पकडणं म्हणजे आपोआप ओलीस ठेवणं नव्हे. शत्रूचा सैनिक शरण आला आणि त्याला छावणीत ठेवलं तर तो युद्धकैदी. १७ डिसेंबर १९७९ ला संयुक्त राष्ट्रांनी ओलीसविरोधी करार संमत केला. त्यातली व्याख्या तीन तुकड्यांत फोडून वहीत लिहा. एक, कुणाला तरी पकडलं किंवा अडकवून ठेवलं. दोन, त्याला मारू, इजा करू किंवा डांबून ठेवू अशी धमकी दिली. तीन, हे सगळं कुणा तिसऱ्याला, म्हणजे सरकारला, संघटनेला, घरच्यांना, काहीतरी करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी केलं. सुटकेची अट उघड घातलेली असेल किंवा न बोलता कळेल अशी असेल, दोन्ही चालतं.

ही तीन वाक्यं दोन खऱ्या प्रकरणांना लावून पाहा.

मे १९९५, बोस्निया. नाटोच्या विमानांनी पाले गावाजवळच्या बोस्नियन सर्बांच्या दारूगोळ्याच्या कोठारावर बॉम्ब टाकले. त्यानंतर सर्ब फौजेनं संयुक्त राष्ट्रांचे दोनशेहून अधिक शांतिसैनिक आणि निरीक्षक पकडले. काहींना हल्ला होऊ शकेल अशा ठिकाणी नेऊन बेड्यांनी जखडलं आणि त्याचं चित्रण जगाला दाखवलं. निरोप साधा होता: हल्ले थांबवा, नाहीतर ही माणसं मरतील. बोस्नियन सर्बांचा तेव्हाचा नेता रादोवान काराजिच पुढे वर्षानुवर्षं खोट्या नावानं वैद्य म्हणून वावरला आणि २००८ मध्ये बेलग्रेडला सापडला. खटल्यात त्याचा बचाव असा, की नाटोनं बॉम्ब टाकल्यावर हे शांतिसैनिक लढाईतला एक पक्ष झाले, त्यांना पकडणं कायदेशीरच होतं. न्यायालयानं तो फेटाळला. निःशस्त्र होऊन ताब्यात आलेला माणूस कोण होता यावर ही मनाई अवलंबून नाही, आणि पकडणं कायदेशीर असलं तरी त्याच्या जिवावर अट घातली की गुन्हा होतो. २४ मार्च २०१६ च्या निकालात स्रेब्रेनित्सातल्या वंशसंहाराबरोबर ओलीस धरण्याचा आरोपही सिद्ध झाला. शिक्षा ४० वर्षांची होती, २०१९ च्या अपिलात ती जन्मठेप झाली.

दुसरं प्रकरण आपल्या फौजेचं. मे २००० मध्ये सिएरा लिओनमधल्या आरयूएफ या बंडखोर संघटनेनं संयुक्त राष्ट्रांचे शेकडो शांतिसैनिक धरले. कैलाहुनला भारतीय गुरखा पलटणीची तुकडी आणि लष्करी निरीक्षक अडीच महिने वेढ्यात होते. जुलैमध्ये 'ऑपरेशन खुकरी'नं त्यांना बाहेर काढलं. २००९ मध्ये तिथल्या विशेष न्यायालयात आरयूएफच्या तीन म्होरक्यांचा निकाल लागला. शांतिसैनिकांवर हल्ले केल्याबद्दल ते दोषी ठरले. ओलीस धरल्याच्या आरोपातून मात्र सुटले, कारण सुटकेच्या बदल्यात कुणाला तरी काही करायला भाग पाडायचा हेतू होता हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. अपिलातही ती सुटका कायम राहिली.

"म्हणजे आपल्या जवानांना धरलं ते काहीच नव्हतं का?" असं एका सुभेदाराच्या मुलीनं मला विचारलं होतं. तिचा राग मला समजतो. पण त्या तिघांना ५२, ४० आणि २५ वर्षांच्या शिक्षा झाल्या. गुन्हा होता, त्याचं नाव वेगळं ठरलं. म्हणून वहीत 'ओलीस' हा शब्द लिहिण्याआधी अट कुणी, कुणाला, कोणत्या शब्दांत घातली ते लिहा. अट सापडली नाही तर थांबा आणि दुसरा कोणता गुन्हा बसतो ते पाहा: बेकायदा डांबणं, छळ, मानवी ढाल करणं, नागरिकांवर हल्ला. प्रत्येकाचं कलम वेगळं, पुरावाही वेगळा. चुकीच्या नावाखाली खटला उभा केला तर खरा गुन्हेगार त्या आरोपातून सुटतो आणि पीडितांच्या हाती काही लागत नाही.

तोच प्रश्न राज्यसंस्थेला

राज्यसंस्था माणसं डांबते तेव्हा त्याला कायद्याचं कलम, शिक्का आणि तुरुंगाचा क्रमांक असतो. तरी तिलाही विचारा: या माणसाला त्यानं केलेल्या गोष्टीसाठी ठेवलं आहे, की दुसऱ्याकडून काही मिळवण्यासाठी?

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न थेट आला होता. काही लेबनीज कैद्यांची शिक्षा संपूनही त्यांना ठेवून घेतलं होतं. त्यांच्यापासून स्वतःला धोका आहे म्हणून नव्हे, तर बेपत्ता इस्रायली सैनिकाबद्दलच्या वाटाघाटीत ते उपयोगी पडतील म्हणून. १९९७ मध्ये न्यायालयानं ते चालवून घेतलं. एप्रिल २००० मध्ये सरन्यायाधीश अहरोन बराक यांच्या न्यायपीठानं आपलाच निकाल फिरवला: ज्याच्यापासून स्वतःहून धोका नाही त्याला सौद्यातलं प्यादं म्हणून डांबता येणार नाही. पुढे २००२ मध्ये तिथल्या संसदेनं असे लोक स्थानबद्ध ठेवता येतील असा नवा कायदा केला, हेही वहीत लिहा. पण एका देशाच्या न्यायालयानं, स्वतःचे सैनिक बेपत्ता असताना, हे म्हटलं याची मला फार किंमत वाटते.

आता आपल्या घरचं पान. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. सुमारे ९३,००० माणसं, त्यांत सैनिकांबरोबर नागरिकही, भारताच्या ताब्यात आली. तिसऱ्या जीनिव्हा कराराचं कलम ११८ सांगतं, की प्रत्यक्ष लढाई थांबली की युद्धकैद्यांना विलंब न लावता परत पाठवायचं. हे कैदी परत गेले ते ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर, आणि शेवटची तुकडी एप्रिल १९७४ मध्ये. भारताचं म्हणणं होतं, शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त कमांडपुढे झाली, त्यामुळे बांगलादेशाच्या संमतीशिवाय निर्णय होणार नाही. बांगलादेशाला त्यातल्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. पाकिस्तानात अडकलेल्या बंगाली लोकांचा प्रश्न होता. पाकिस्ताननं २०३ बंगाल्यांवर खटले भरण्याची धमकी दिली आणि बांगलादेशाला मान्यताही लांबवली.

या कैद्यांना आपण मारू असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून मी याला बोस्नियाच्या रांगेत बसवत नाही. तरी दोन वर्षं ती माणसं वाटाघाटीच्या टेबलावर होती, आणि लाहोर-कराचीतले बंगालीही होते. ज्या घरातले लोक या युद्धात लढले, त्या घरातल्या मुलांनी हा प्रश्न मोठ्यानं विचारावा असं मला मनापासून वाटतं. आपल्या फौजेचा मान त्यानं कमी होत नाही.

त्या १९५ जणांचं काय झालं? ९ एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात बांगलादेशानं खटले सोडून दिले. ते सगळे घरी गेले. १९७१ च्या युद्धाच्या त्या नऊ महिन्यांत ज्यांची माणसं गेली, ज्या बायकांवर अत्याचार झाले, त्यांना त्या टेबलावर खुर्ची नव्हती. माणसांची अदलाबदल चालू झाली की उत्तरदायित्वही हळूच देवाणघेवाणीत टाकलं जातं. कुठलाही करार वाचताना किती लोक सुटले एवढंच पाहू नका. कुणावरचे आरोप त्यात विरघळले तेही शोधा.

दोन्ही बाजूंचे गुन्हे, दोन स्वतंत्र पानं

सध्याच्या काळात ही रीत सर्वांत जास्त ताणली जाते ती गाझाच्या बाबतीत. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमास आणि इतर सशस्त्र गटांनी इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ जणांना पकडून गाझात नेलं. त्यांत म्हातारे होते, बाळं होती, शेतांवर काम करणारे थाई मजूर होते. शेती शिकायला गेलेले दहा नेपाळी विद्यार्थी त्या दिवशी मारले गेले. तीन वाक्यांची कसोटी लावा, कुठेही शंका राहत नाही. व्यापलेल्या भूमीतल्या माणसांना लढायचा हक्क आहे का, हा प्रश्न पहिल्या पानावरचा. त्यानं एकाही बाळाला पळवून नेण्याची मुभा मिळत नाही.

मग दुसरं पान. त्यानंतर इस्रायली फौजेनं गाझात जे केलं ते याच कायद्यानं, पण स्वतंत्रपणे तपासायचं. नागरिकांवर सूड उगवायला आणि सामूहिक शिक्षा द्यायला चौथ्या कराराच्या कलम ३३ नं मनाई आहे. उपासमार हे युद्धाचं हत्यार करणं हा युद्धगुन्हा आहे. शत्रूकडे आपले ओलीस आहेत म्हणून त्याच्या लेकरांचं अन्न-पाणी तोडता येत नाही.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं २१ नोव्हेंबर २०२४ ला दोन्ही बाजूंच्या माणसांची वॉरंट एकाच दिवशी काढली. हमासचा लष्करी प्रमुख मोहम्मद देफ याच्यावरच्या आरोपांत ओलीस धरणं होतं. इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान बिन्यामिन नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री योआव गालांत यांच्यावरच्या आरोपांत उपासमारीचा वापर होता. वॉरंट म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे मुलांच्या वहीत मी अधोरेखित करायला लावते. हमासचे इस्माइल हनिये आणि याह्या सिनवार वॉरंट निघण्याआधीच मारले गेले. देफच्या मृत्यूची खात्री पटल्यावर २०२५ मध्ये त्याच्यावरची कारवाई बंद झाली. १३ ऑक्टोबर २०२५ ला शेवटचे २० जिवंत ओलीस घरी परतले. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना खुल्या न्यायालयात हमासच्या या नेत्यांच्या तोंडून उत्तर ऐकायला मिळणार नाही. आरोपी मेला की न्याय झाला, असं मला मुळीच वाटत नाही. खटल्यात साक्षी नोंदल्या जातात, उलटतपासणी होते, कुणी काय हुकूम दिला ते कायमचं कागदावर येतं.

हुकमाची साखळी काढा

कागदावर खालपासून वर नावं किंवा पदं लिहीत जा: दाराशी उभा राहणारा, पळवून नेणारा, यादी करणारा, हुकूम देणारा, ठाऊक असून गप्प बसणारा. पाचही जणांना वेगवेगळं विचारायचं असतं.

रोमचं उदाहरण घ्या. २३ मार्च १९४४ ला व्हिया रासेल्ला रस्त्यावर प्रतिकार चळवळीच्या बॉम्बनं ३३ जर्मन पोलीस मेले. एकाला दहा असा हिशेब झाला. दुसऱ्या दिवशी आर्देआतीनाच्या गुहांत माणसं नेऊन गोळ्या घातल्या. त्यांतले बहुतेक आधीच कैदेत होते, बॉम्बशी त्यांचा संबंध नव्हता. मारले ३३५. पाच जण हिशेबाबाहेर जास्त आणले गेले होते, आणि त्यांना परत सोडायचं नाही असं ठरलं. रोममधला जर्मन पोलीसप्रमुख हर्बर्ट काप्लर याला १९४८ मध्ये जन्मठेप झाली. नावांची यादी तपासणारा एरिख प्रिब्के अर्जेंटिनात पन्नास वर्षं उजळ माथ्यानं राहिला. १९९४ मध्ये एका दूरचित्रवाणी पत्रकारानं त्याला रस्त्यात गाठलं. त्याचं उत्तर एकच, हुकूम होता. १९९६ मध्ये लष्करी न्यायालयानं खटल्याची मुदत संपली म्हणून त्याला सोडायला काढलं, तेव्हा रोममधले नातेवाईक न्यायालयातून हलले नाहीत. १९९८ मध्ये त्यालाही जन्मठेप झाली.

आज रोम संविधीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर उभं आहे त्यात, तीन गोष्टी स्पष्ट आहेत. हुकूम उघडउघड बेकायदा असेल तर 'हुकूम होता' हा बचाव चालत नाही. माहीत असून किंवा माहीत असायला हवं असून ज्या सेनापतीनं रोखलं नाही, तो स्वतः जबाबदार असतो. आणि युद्धगुन्ह्याला मुदत नसते.

व्हिडिओ हाती आला तर

पुढे पाठवू नका. ओलिसाला कॅमेऱ्यापुढे बसवून बोलायला लावलं जातं तेच अट पोहोचवण्यासाठी, त्यामुळे तो पसरवणारा धमकीचा निरोप्या होतो. कैद्याला लोकांच्या कुतूहलाचा विषय करायला तिसऱ्या आणि चौथ्या करारातही मनाई आहे. पण पुसूनही टाकू नका. मूळ फाइल आहे तशी ठेवा, कापू नका, त्यावर अक्षरं टाकू नका. कुठल्या खात्यावर, कोणत्या तारखेला, किती वाजता दिसला ते लिहा. पाठीमागच्या इमारती, पाट्या, सावल्या यांवरून जागा आणि वेळ पडताळता येते. अशा डिजिटल पुराव्यासाठी २०२० मध्ये 'बर्कली प्रोटोकॉल' म्हणून नियमावली आली आहे, ती पत्रकारितेच्या मुलांनी वाचावी. पीडिताशी बोलणं झालं तर त्याला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावू नका. ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे.

दार कोणतं

शेवटी लिहा, खटला कुठे चालेल. ज्या देशात गुन्हा झाला तिथे आधी. तिथे होत नसेल तर हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, पण तो देश किंवा आरोपीचा देश सदस्य असेल, किंवा सुरक्षा परिषदेनं प्रकरण सोपवलं असेल तर. तिसऱ्या देशातही होऊ शकतं: सीरियाच्या तुरुंगातल्या छळाबद्दल जर्मनीत कोब्लेंझच्या न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये अन्वर रस्लानला जन्मठेप दिली.

भारत हेगच्या न्यायालयाचा सदस्य नाही. १९६० चा जीनिव्हा करार कायदा मात्र आपल्याकडे आहे. त्याच्या कलम ३ नुसार करारांचा गंभीर भंग, मग तो देशात होवो वा परदेशात, शिक्षेला पात्र आहे. ओलीस धरणं त्यात येतं आणि १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतुपुरस्सर हत्या झाली तर जन्मठेप किंवा फाशी. पण कलम १७ प्रमाणे सरकारनं तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. गोव्यातल्या एका पाद्रींच्या खटल्यात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की हा कायदा सामान्य माणसाला न्यायालयात जाण्याचा स्वतंत्र हक्क देत नाही. २६/११ ला नरिमन हाऊसमध्ये माणसं धरली गेली, तेव्हा युद्धाचा कायदा लागू नव्हता, देशाचा फौजदारी कायदा होता आणि कसाबवरचा खटला त्याच वाटेनं शेवटपर्यंत गेला.

कलम १७ बदलावं, निदान पीडिताच्या तक्रारीवर न्यायालयानं सरकारकडे लेखी कारणं मागावीत, असं माझं मत आहे. ते पटत असेल तर आपल्या खासदाराला पत्र लिहा. पत्रात १९६० चा कायदा, कलम ३ आणि कलम १७ एवढ्यांचाच उल्लेख करा आणि लेखी उत्तर मागा.